नुसतं बसायला

गव्हाची कापणी अर्ध्यावर आली आणि आभाळ भरायला लागलं. पडत काही नव्हतं. पण दुपार कलली की डोंगराच्या अंगानं काळं काहीतरी वर चढायचं आणि सगळं गाव विळा थांबवून तिकडं बघायचं. उभा गहू भिजला तर दाणा काळा पडणार. त्यामुळं ज्याला विळा धरता येत होता तो प्रत्येकजण शेतात होता. मागं राहिली ती म्हातारी माणसं, कुत्री, शिंप्याचं दुकान आणि ठकी.

दुपारचं जेवण उरकून शिंपीणकाकू उठली, की तिचा नवरा मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "निघाल्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला."

"तासाभरात येते."

"तुझा तास मला माहीत आहे. कापडाचा तागा बरा, त्याला निदान शेवट असतो."

त्याचंही खोटं नव्हतं. कापणीची सुट्टी संपली की शाळा उघडणार होती आणि पोरांचे गणवेश खुंटीवर, खाटेवर, मशीनखाली, जागा मिळेल तिथं अर्धे शिवलेले पडले होते. शिंप्याची नजर अधू झाली होती. सरळ टीप तो सवयीनं मारायचा, पण काजं-बटणं काकूकडंच. ती उठली की काजं राहायची, आणि काजं राहिली की गिऱ्हाईक दारात उभं राहून शिंप्याला ऐकवायचं.

ही जबाबदारी तिच्या गळ्यात पडली ती हिवाळ्यात. शहरातल्या केंद्रातून एक बाई येत असे. हातापायांनी अधू असलेल्या लेकरांचे व्यायाम घ्यायची, म्हणून सगळे तिला व्यायामताई म्हणत. शाळेच्या खोलीत बायकांना जमवून तिनं विचारलं होतं, "ठकीच्या घरी रोज दुपारी थोडा वेळ कोण देईल? तिच्या आईला कामावर जाता येईल." सगळ्याजणी आढ्याकडं बघायला लागल्या. हात वर झाला तो एकट्या शिंपीणकाकूचा. "माशी हाकलायला उचलला होता," असं शिंपी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा. काकूनं ते कधी खोडून काढलं नाही. खरं कारण साधंच होतं. एकदा ठकीचं माप घ्यायला ती त्या घरी गेली होती. पोरीचे हात कोपरात घट्ट मुडपलेले, बाहीत जाईनात. शेवटी झग्याची पाठ वरपासून खालपर्यंत उघडी ठेवून, बंद लावून तिनं तो शिवून दिला. तो घालताना आईनं पोरीला ज्या तऱ्हेनं एका हातावर तोलून धरलं, ते बघून काकू घरी आली आणि उगाचच बराच वेळ मशीन पुसत बसली होती.

ठकीचं घर म्हणजे एकच खोली. खिडकीशी खाट, कोपऱ्यात चूल, मधे दोरीवर वाळत टाकलेली फडकी. ती कधीच पुरती वाळायची नाहीत. खोलीला कायम ओल्या कापडाचा आणि दुधाचा वास. ठकीचा बाप मळणीयंत्राबरोबर गावोगाव हिंडायचा. हंगाम संपेपर्यंत घरी यायचा नाही. आई एकटीच. मुकादमानं तिला दुपारपुरतं कामावर घेतलं होतं, तेही उपकार केल्यासारखं.

काकू उंबऱ्यात आली की ठकीची आई उठायची. विळा हातात घेतलेलाच असायचा.

"दूध ठेवलंय. सकाळपासून झोप नाही हिला. पाय फार ओढतीय आज."

"जा तू. मी बघते."

एवढंच बोलणं. ती गेली की काकू आधी दोरीवरचं कोरडं फडकं शोधायची.

ठकी अंगानं चांगली बारा वर्षांची झाली होती, पण मान अजून पुरती धरत नव्हती. पाय कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर चढायचे. ते जोर लावून सोडवायचे नाहीत, असं व्यायामताईनं बजावलं होतं. मांडीखाली हात घालून, हळूहळू, पाय आपणहून सैल होईपर्यंत थांबायचं. काकू थांबायची. थांबता थांबता तिच्याच कमरेत कळ भरायची. मग लाकडी खुर्चीत पट्ट्यानं बांधून बसवणं. खाटेवरून खुर्चीत, म्हणजे दोन हातांचं अंतर, पण तेवढ्यात काकूच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पोर हाडांची होती, तरी ताठरली की ओल्या लाकडाच्या ओंडक्यासारखी जड लागायची. नंतर मऊ भात दुधात कालवून भरवणं. एक घास आत, अर्धा बाहेर. घशात अडकला तर काकूचाच श्वास अडकायचा.

ठकीला बोलता येत नव्हतं. हो म्हणायचं असलं की ती डोळे वर न्यायची, आणि नको असलं की सगळं अंग ताठ करायची. पण तिला यंत्रांचे आवाज कळायचे. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की ती ओरडून हसायची, मोटारसायकलला नुसतीच लाळ गाळत बघायची, आणि लांबून मळणीयंत्राची घरघर आली की एकदम गप्प व्हायची.

"बापाचं नाही गं ते," काकू तिला सांगायची. "दुसऱ्याचं आहे."

ठकीला ते पटायचं नाही. ती कान देऊन राहायची.

ऊन उतरलं की आई परत यायची. अंगावर भुसा, नखांत माती, ओठ फुटलेले. हात धुवून आधी ठकीचं फडकं सोडायची आणि नवं बांधायची. आत्ताच बदललेलं असलं तरी. काकू बघत राहायची. एकदा न राहवून म्हणालीच, "कोरडं होतं गं ते."

"असू दे. मला सवय आहे."

काकूला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन महिने आपण या पोरीचं सगळं करतोय, आणि हिला आपली गाठसुद्धा पसंत पडू नये? तिनं आपल्या चपला शोधल्या आणि निघाली. मागून आवाजही आला नाही, की काकू, चहा तरी घ्या. तसा आग्रह करायला लागणारी ताकद त्या बाईत शिल्लक नसते, हे काकूला कळत होतं. कळूनही लागायचं ते लागायचंच.

कापणीला जोर चढला तशी आई उशिरा यायला लागली. आधी उन्हं भिंतीवरून उतरेपर्यंत. मग गुरं परतेपर्यंत. मग दिवे लागेपर्यंत.

"मुकादम सोडत नाही," ती म्हणायची. खाली बघून.

"बरं," काकू म्हणायची.

घरी शिंपी बरं म्हणायचा नाही. एका संध्याकाळी ती आली तेव्हा तो दिव्याखाली नाक लावून बटण शिवत होता. बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"काय झालं?"

"काज केलं. कापडाला एक, बोटाला एक." त्यानं सदरा तिच्यापुढं टाकला. बटणं एका बाजूला घसरली होती. बंद केला तर पोराचा एक खांदा कानाशी गेला असता. "मास्तर येऊन गेला. म्हणाला, शाळा वाकड्या पोरांची आहे का? आता सांग, काय सांगू त्याला?"

काकू बसली आणि टाके उसवायला लागली.

"घरचं झालं थोडं, नि..." शिंप्यानं सुरुवात केली.

"व्याह्यानं धाडलं घोडं. माहीत आहे. दिवा इकडं सरकवा."

तो सरकवला त्यानं. थोड्या वेळानं म्हणाला, "तुझी पाठ बघितलीस का? उठताना भिंत धरतेस. ती पोर वाढणार आहे, नि तू म्हातारी होणार आहेस. हा हिशेब कुठं जाऊन थांबणार?"

काकूनं पुढचा सदरा ओढला. रात्री कूस बदलताना तिनं दात आवळले, म्हणजे त्याला ऐकू जायला नको.

मग ती दुपार आली. सकाळपासूनच वारा पडला होता. माश्या अंगावरून उठत नव्हत्या. ठकी कुरकुरत होती, भात थुंकत होती. डोंगरावरचं काळं आज लवकर वर आलं आणि खोलीत अंधारून आलं. काकू फडकं पिळत होती, तेवढ्यात मागं खुर्ची खडखडली.

तिनं वळून पाहिलं. ठकीचे डोळे पांढरे झाले होते. सगळं अंग आधी धनुष्यासारखं ताणलं आणि मग हिसके द्यायला लागलं. खुर्ची जमिनीवर आपटत होती.

झटका आला तर काय करायचं, ते ताईनं शिकवलं होतं. शिकवताना सगळं सोपं वाटलं होतं. आता पट्ट्याचं बक्कल निघेना. निघालं तेव्हा पोरीचा सगळा भार काकूच्या अंगावर आला, पाठीत काहीतरी कडकन झालं आणि दोघी खाली बसल्या. बसल्या कसल्या, पडल्याच. काकूनं तिला कुशीवर वळवलं. तोंडाचा फेस पुसला. डोक्याखाली आपला हात घातला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "अहो! अहो, धावा!"

दुकान समोरच होतं. शिंपी गळ्यात टेप घेऊनच आला. दारात थबकला. त्यानं ठकीला कधी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं.

"बघत काय राहिलात? हिच्या आईला आणा शेतातून!"

तो सायकलवर बसून गेला. हिसके हळूहळू विरले. मग एक मोठा उसासा, आणि पोर गाढ झोपली. काकूचा जीव भांड्यात पडला, पण उठता येईना. पाठ जागेवर नव्हती. फरशीवर पोरीचं डोकं मांडीत घेऊन ती तशीच बसून राहिली. आपल्या कपड्यांना मुताचा वास येतोय, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

सायकल आली. मागं कॅरिअरवरून ठकीची आई उडी मारून उतरली. अनवाणी होती, पाय घोट्यापर्यंत ओले. पोरीला छातीशी धरून तिनं नाकाशी बोट लावलं, कपाळ चाचपलं, आणि मग तिच्या केसांत तोंड खुपसलं.

शिंपी बाहेरूनच म्हणाला, "शेतात कुणी नाही. आभाळ बघून मुकादमानं केव्हाच सुट्टी केली. ही कालव्याच्या काठावर बसली होती. पाण्यात पाय सोडून." आणि तो दुकानाकडं निघून गेला.

काकूनं विचारलं, "खरं?"

ठकीच्या आईनं पोरीच्या तोंडावरचे केस मागं सारले.

"आजच, की रोज?"

"रोज थोडा वेळ."

"कोण असतं तिथं?"

"कुणी नाही."

"मग काय करतेस?"

"काही नाही." ती अजून वर बघत नव्हती. "बसते. नुसतीच."

काकू भिंत धरून उठली. कळ थेट टाचेपर्यंत गेली. "माझी पाठ काय रस्त्यावर पडली होती? घरी माणसाची बोलणी खाते, बोटं सोलून घेते, नि तू मुकादमाचं नाव सांगून तिथं पाय हलवत बसतेस? आज हिला काही झालं असतं म्हणजे?"

ठकीची आई पोरीचं ओलं फडकं सोडायला लागली. रडलीही नाही. त्यानं काकूचा संताप आणखी वाढला. चपला हातात घेऊनच ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्याही नाही. शिंप्यानं गरम विटेनं तिची पाठ शेकली आणि शहाणपणानं एक शब्द काढला नाही. गणवेशांचा ढीग उतरायला लागला. काजं सरळ झाली. दुपारी समोरच्या खिडकीतून ठकीचं ओरडणं यायचं, तेव्हा काकू मशीन जोरात चालवायची. ठकीच्या आईचं कामावर जाणं अर्थातच बंद झालं होतं.

पण संताप पोटात राहत नाही. सकाळी नळावर रांगेत उभी असताना बायकांनी विचारलं, "काय काकू, जात नाही आता?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी तिथं घाण काढायची नि बाईसाहेब काठावर वाऱ्याला बसणार! कोण जातंय?"

बायका हसल्या. काकूलाही बोलून जरा हलकं वाटलं. घागर उचलून ती घरी आली.

दोन-चार दिवसांत तेच वाक्य तिच्याकडं परत आलं, पण तिखटमीठ लावून. पाणी भरताना मागच्या दोघी बोलत होत्या.

"नवरा बाहेर, लेकरू परक्याच्या अंगावर टाकायचं, नि ही रोज काठावर. रिकामं कोण बसतं गं?"

"मुकादमच काल सगळ्यांसमोर म्हणाला, बाई शेतात कमी नि पाण्यात जास्त असायची. कुणाची वाट बघायची, विचारा म्हणाला."

"नवऱ्याच्या कानावर गेलंय म्हणे."

"जायलाच हवं."

काकूच्या हातातली घागर भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. तिला त्या खोलीतला तो चेहरा आठवला. 'नुसतीच' म्हणताना त्यावर ना लाज होती ना लबाडी. शिवून शिवून दोरा संपतो आणि मशीन रिकामंच चालत राहतं, तसा तो चेहरा होता.

"वाट बघत नाही ती कुणाची," काकू म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. रांग वळली. "मीच सांगितलंय तिला बसायला."

"तुम्ही? परवा तर म्हणालात..."

"परवा माझी पाठ दुखत होती, म्हणून बोलले. व्यायामताईनंच सांगितलंय. पोरीला जसे व्यायाम, तसं आईला रोज घटकाभर बसणं. औषधासारखं. नाही बसली तर पोरीच्या आधी आईच अंथरूण धरते. मोठ्या दवाखान्यातसुद्धा हेच सांगतात."

"असं असतं होय?" एकीनं विचारलं.

"असतंच. नाही तर मी कशाला दुपारभर अडकून पडले असते? मला घरी कामं नाहीत?"

ती खोटं इतकं ठासून बोलली, की क्षणभर तिलाही ते खरंच वाटलं. मुकादमाचं बोलणं जिनं सांगितलं होतं, ती मात्र दुसरीकडं बघत राहिली. सगळ्यांची तोंडं बंद करायला एक काकू पुरणार नव्हती.

दुपारी जेवण झाल्यावर ती उठली. शिंप्यानं मान वर केली. बोलायला तोंड उघडलं, तिच्याकडं बघितलं आणि सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करायला लागला. काकूनं सुई त्याच्या हातातून घेतली, ओवून दिली आणि निघाली.

ठकीची आई दाराकडं पाठ करून फडकी घडी करत होती. पायरव ओळखून हात थांबले, पण ती वळली नाही. ठकी खाटेवरून ओरडली आणि तिनं डोळे वर नेले.

"बाई बोलवत नाही, पण पोर बोलवतीय," असं म्हणून काकू आत आली आणि खाटेच्या कडेला टेकली. ठकीच्या मांडीखाली हात घातला. इतक्या दिवसांत पाय पुन्हा दगड झाले होते.

काकू ते सैल व्हायची वाट बघत राहिली.

"नळावर माझ्याच तोंडून गेलं ते," काकू म्हणाली. "पुढचं माझं नाही. पण तोंड मीच उघडलं."

"कळलं मला."

"नवऱ्याचा फोन आला होता?"

"हो. विचारत होता, कोण असतं तिथं."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, वारा असतो." तिनं घडी केलेलं फडकं पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घडी घातली. "हसला नाही. फोन ठेवून दिला."

काकू पोरीच्या पायाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आज सगळ्यांना सांगून आले मी. दवाखान्यानं तुला बसायला सांगितलंय म्हणून. आता तू राजरोस जाऊन बस."

"कुठल्या दवाखान्यानं?"

"असेल कुठला तरी! आपण काय पत्ता द्यायचाय?"

ठकीच्या आईच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. पण लगेच जागेवर गेला. "नाही जाणार काकू. ती जागा गेली आता. तिथं कुणाला माहीत नव्हतं, तेवढंच तिचं सुख होतं. पाण्यात पाय सोडले की मी कुणाची कुणी नसायची. आता बसले तर सगळ्या वाटेनं डोळे असणार. तुमच्या औषधासकट."

ते खरं होतं.

"घरी यायला नको वाटायचं," ठकीची आई हळूच म्हणाली. "पोरीचा राग नाही. पण वाटेत पाय थांबायचेच. वाटायचं, अजून एवढा ढग जाऊ दे. मग अजून एक. तुमच्याकडं आहे, सुखरूप आहे, हे मनाशी म्हणायची नि बसायची. तुमची पाठ मला दिसत नव्हती असं नाही. दिसत होती. तरी बसायची."

काकूनं ठकीच्या पायावरचा हात काढला नाही. पाय थोडा सैल झाला होता.

"मग इथंच आडवी हो," ती म्हणाली.

"दिवसाढवळ्या?"

"मग काय ढगांना विचारू? हो आडवी. मी आहे."

"फडकं बदलायचंय तिचं."

"मी बदलते. आणि उठल्यावर ते सोडून पुन्हा बांधू नकोस. कोरडं असेल."

ठकीच्या आईनं एकदा दाराकडं बघितलं. मग हातातली फडक्यांची चळत उशाला घेऊन ती भिंतीकडं तोंड करून जमिनीवर आडवी झाली. अंगाचं मुटकुळं करून. काकूला वाटलं, ती रडेल. पण तिचा श्वास लगेचच जड झाला. गाडीला जुंपलेल्या जनावराला सोडलं की ते जसं उभ्या जागी बसतं, तशी ती झोपली होती.

काकूनं ठकीला खुर्चीत ठेवलं नाही. ते एकटीनं उचलणं आता तिच्या पाठीला झेपणार नव्हतं. ताईला निरोप धाडून दुसरी कुणीतरी जोडीला मागायला हवी होती. मिळेल, न मिळेल. खाटेवरच तिनं पोरीला कुशीवर वळवलं, भात भरवला. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला आणि ठकी हसायला लागली, तशी काकूनं तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "आई झोपलीय बघ." ठकीनं डोळे वर नेले.

उन्हं भिंतीवरून उतरली. गुरं परतली. ठकीची आई हलली नाही.

दाराशी शिंपी येऊन उभा राहिला. आत बघून त्यानं आवाज आपोआप खाली आणला. "येतेस का?"

"उशीर होईल."

"किती?"

"ती उठेपर्यंत."

शिंप्यानं भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या बाईकडं पाहिलं, मग खाटेवरच्या पोरीकडं. ठकी त्याच्या गळ्यातल्या टेपकडं टक लावून बघत होती. तो वळून दुकानाकडं गेला. थोड्या वेळानं परत आला, तो काखेत गणवेशांचा गठ्ठा, एका हातात बटणांचा डबा आणि दुसऱ्या हातात पेटवलेला कंदील घेऊन. सगळं त्यानं उंबऱ्यावर ठेवलं.

"काजं तेवढी करून टाक," तो म्हणाला. "उद्या मास्तर येईल."

काकूनं वरचा सदरा मांडीवर ओढला. शिंपी पायरीवर बसला आणि अधू डोळ्यांनी पांढऱ्यातून निळी बटणं वेगळी करायला लागला, आवाज न करता, एकेक.